ई-बुक रीडर : सोयी कोणी ठरवायच्या?

कोणतेही यंत्र बाजारात येताना आपले गिऱ्हाईक ठरवूनच येते. ई-बुक रीडरचे गिऱ्हाईक त्याच्या जाहिरातीत पाहावे. हा माणूस एकटा असतो, फुरसतीत असतो, बहुधा समुद्रकिनारी किंवा खिडकीपाशी पाय पसरून बसलेला असतो. तो नुकतीच आलेली इंग्रजी कादंबरी विकत घेतो, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचतो, संपवतो आणि दुसरी विकत घेतो. या माणसाशी आपले भांडण नाही. परंतु त्याच्यासाठी ठरवलेल्या सोयी म्हणजेच वाचनाच्या सोयी, असे जेव्हा गृहीत धरले जाते तेव्हा प्रश्न निर्माण होतो. कारण वाचणारा आणखी एक माणूस आहे. तो मागून आणलेले पुस्तक वाचतो, ठरल्या दिवशी परत करायचे म्हणून घाईने वाचतो, टिपणे काढतो, तळटीप शोधतो, चार पाने मागे जातो आणि वाचून झाले की ते दुसऱ्याच्या हातात देतो. त्याचे काही वाचन मराठीत चालते, काही इंग्रजीत. आणि त्यातले बरेचसे झेरॉक्सवर किंवा मोबाईलवर आलेल्या पीडीएफवर. या माणसाने वाचनाचे यंत्र घ्यायचे ठरवले तर त्यात काय असावे आणि काय नसले तरी चालेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. मोबाईलचा पडदा दिव्यासारखा असतो, तो स्वतः उजेड फेकतो. ई-इंकचा पडदा कागदासारखा असतो, आपल्यावर पडलेला उजेड तो परत पाठवतो. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील द्रवात पांढरे आणि काळे कण असतात. एकावर धन विद्युतभार, दुसऱ्यावर ऋण. खालून विजेचा दाब बदलला की पांढरे कण वर येतात किंवा काळे येतात. एकदा वर आलेले कण तेथेच राहतात, त्यांना धरून ठेवण्यासाठी वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना. म्हणूनच मोबाईल रोज चार्ज करावा लागतो आणि हे यंत्र एकदा चार्ज केले की आठवडे चालते. अमेरिकेतील एमआयटीमधल्या संशोधनातून १९९७ मध्ये या शाईची कंपनी निघाली. २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये या शाईचे पहिले वाचनयंत्र विक्रीला काढले आणि २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल आले. हा पडदा मंद असतो, पान उलटल्यावर आधीच्या पानाची पुसट सावली कधी कधी मागे राहते, त्यावर सिनेमा धड दिसत नाही. या शेवटच्या दोषाला मी गुणच मानतो.

मोबाईल असताना वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. ज्याच्याजवळ वेगळ्या यंत्राचे पैसे नाहीत त्याने मोबाईलवरच वाचावे. त्यात कमीपणा नाही. परंतु दोनशे पानांचा वैचारिक ग्रंथ मोबाईलवर वाचून पाहणाऱ्याला फरक सांगावा लागत नाही. डोळे थकतात, मध्येच निरोप येतात, आणि घरात एकच मोबाईल असेल तर तो आपल्या हातात राहीलच असेही नाही.

पडद्याच्या कडेला बसवलेले दिवे ही सोय मी आवश्यक मानतो. साधारण २०१२ पासून ती सर्रास मिळू लागली. हे बारीक दिवे डोळ्यांत उजेड न सोडता पानावर सोडतात. जाहिरातीत ही सोय शय्यागृहातील ऐषाराम म्हणून येते. ज्या खोलीत पाच माणसे झोपतात त्या खोलीत रात्री दहानंतर दिव्याचे बटण कोणाच्या हातात असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. मी शिकत होतो तेव्हा घरातला दिवा मालवण्याची वेळ ठरलेली होती, कारण वडिलांना पहाटे कामावर जायचे असे. माझ्या परीक्षा रस्त्यावरच्या दिव्यावर झाल्या नाहीत, पण जिन्यातल्या दिव्यावर झाल्या. तेव्हा दिव्यासाठी हजारभर रुपये जास्त पडत असतील तर ते द्यावेत, आणि ते दुसऱ्या कुठल्या तरी चैनीतून वाचवावेत.

आता देवनागरीकडे वळू. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि नेमका हाच विकणाऱ्याच्या यादीत नसतो. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द तयार होतो. आपल्या लिपीत एवढ्याने भागत नाही. 'शिक्षण' हा शब्द यंत्र साठवते तो असा : श, मग ऱ्हस्व वेलांटी, मग क, मग हलन्ताची खूण, मग ष, मग ण. दाखवताना मात्र वेलांटी 'श'च्या आधी आली पाहिजे आणि क व ष यांचा मिळून 'क्ष' झाला पाहिजे. हे काम यंत्रातील अक्षरजुळणी करते. ती नसेल किंवा अर्धवट असेल तर वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, जोडाक्षर फुटते आणि पाय मोडलेली अक्षरे पानभर पसरतात. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली होती. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. लिपीला जागा मिळणे आणि त्या लिपीतल्या वाचकाची दखल घेतली जाणे यांत एवढे अंतर पडले.

हिंदी नीट दिसते म्हणजे मराठीही दिसेल, असेही समजू नये. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. 'आचार्याला' बोलावले तर प्रवचन होईल, 'आचाऱ्याला' बोलावले तर जेवण होईल. हा आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही. म्हणून तो तपासला गेलेलाच असेल याची खात्री नाही. 'ॲ' या अक्षराचे तसेच. ते युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्या जागी रिकामी चौकट दिसते. याहून मोठी अडचण शोध घेताना येते. कोणी 'ॲ' हे एकच अक्षर टंकित करतो, कोणी 'अ' घेऊन त्यावर चंद्र चढवतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते वेगळे आहेत. समजा, एखाद्या पुस्तकात 'ॲट्रॉसिटी' हा शब्द कुठे कुठे आला आहे हे एखादा कार्यकर्ता शोधतो आहे. टंकलेखकाने दोन्ही पद्धती वापरल्या असतील तर त्याला काही उल्लेख सापडतील, बाकीचे डोळ्यांसमोर असूनही सापडणार नाहीत, आणि ते सुटले हे त्याला कळणारही नाही. अर्ध्या 'र'च्या बाबतीतही हेच घडते, कारण तोही दोन प्रकारे टंकित करता येतो. तेव्हा 'शोधाची सोय आहे का' एवढे विचारून भागत नाही. एकाच अक्षराची दोन रूपे ती एक मानते का, हे पाहावे लागते.

पडद्याची बारकाईही येथेच मोजावी. पूर्वीच्या स्वस्त यंत्रांत दर इंचाला १६७ ठिपके असत; आज ३०० ठिपक्यांचे यंत्र साध्या किमतीतही मिळते. इंग्रजी मजकूर १६७ वर सुखाने वाचता येतो. आपल्याकडे मात्र शिरोरेघेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात. दहा पॉइंटाच्या अक्षराला १६७ च्या पडद्यावर उंचीत जेमतेम २३ ठिपके मिळतात, ३०० च्या पडद्यावर ४२. पहिल्या पडद्यावर अनुस्वाराच्या वाट्याला दोन ठिपके आले तरी पुष्कळ. 'कार्यकर्त्यांनी' हा शब्द अशा पडद्यावर वाचून पाहावा. ३०० पेक्षा कमी ठिपक्यांचे यंत्र जुने म्हणून स्वस्तात मिळाले तरी मराठी वाचकाने घेऊ नये, असे माझे मत आहे.

इथवरचा विचार अक्षरे अक्षरांच्या रूपात साठवलेल्या पुस्तकाचा झाला. पण आपल्याला लागणारे बरेचसे वाङ्मय त्या रूपात नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचे खंड पीडीएफ रूपात फिरतात. जुनी नियतकालिके कोणी तरी स्कॅन केलेली असतात, म्हणजे ती पानांची छायाचित्रे असतात. डीटीपीच्या काळातील मराठी पुस्तके श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्यांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते आणि तो फॉन्ट काढून घेतला की पानावर निरर्थक चिन्हांचा खच पडतो. अशा पुस्तकांचेही शेवटी पीडीएफच होते. पीडीएफमध्ये पान जसे छापले तसेच गोठलेले असते. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते.

येथे थोडे गणित करावे लागेल. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. सहा इंची यंत्र म्हणजे कर्ण सहा इंचांचा. प्रत्यक्ष पडदा ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. त्यावर पूर्ण पान बसवले तर ते ५६ टक्क्यांवर येते, म्हणजे १२ पॉइंटाचे अक्षर सात पॉइंटांहूनही लहान होते. तळटिपा तर दिसतच नाहीत. तेच पान १०.३ इंची पडद्यावर जवळजवळ मूळ आकारात दिसते, पण त्या यंत्राची किंमत कितीतरी जास्त असते. मग लहान यंत्रवाल्याने काय करावे? यंत्र आडवे धरावे आणि पानाचा भोवतालचा कोरा समास कापावा. मजकुराची रुंदी सव्वाचार इंच असेल तर ४.८ इंच रुंदीत अक्षर मूळ छपाईहून थोडे मोठेच दिसते. फक्त एक पान दोन-तीन तुकड्यांत वाचावे लागते. म्हणून पडदा आडवा करता येणे आणि समास आपोआप कापला जाणे या दोन क्षुल्लक वाटणाऱ्या सोयी आपल्या दृष्टीने पहिल्या पंक्तीच्या आहेत. काही यंत्रांत मूळ आज्ञावलीत समास कापण्याची सोय नसते. 'केओरीडर' ही मुक्त आज्ञावली कोबोच्या आणि इतर काही यंत्रांवर चढवता येते, तिच्यात ती आहे.

पृष्ठक्रमांकाचा प्रश्न शिक्षकांच्या आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा. अक्षर लहानमोठे करता येणाऱ्या पुस्तकात पान ही वस्तूच उरत नाही. माझ्या यंत्रावरचे पन्नासावे पान तुमच्या यंत्रावर ऐंशीवे असू शकते. सुरुवातीच्या किंडलमध्ये पृष्ठक्रमांक नव्हतेच, त्याऐवजी 'लोकेशन'चे आकडे होते. छापील पानांचे क्रमांक २०११ मध्ये देण्यास सुरुवात झाली आणि तेही प्रकाशकाने दिले असतील तरच. कादंबरी वाचणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण प्रबंधात बाबासाहेबांचे अवतरण देणाऱ्या विद्यार्थ्याकडे खंड आणि पृष्ठ नसेल तर मार्गदर्शक ते परत पाठवतो. आणि सभेत कोणी 'हे बाबासाहेबांनी कुठे म्हटले आहे?' असे विचारले तर 'माझ्या यंत्रात आहे' हे उत्तर होत नाही. तळटिपांचेही तेच. 'हू वेअर द शूद्राज?' (१९४६) सारख्या ग्रंथात युक्तिवादाचे पुरावे तळटिपांत आहेत. 'जातिनिर्मूलना'च्या १९३७ च्या आवृत्तीला तर गांधींचे आक्षेप आणि बाबासाहेबांचे उत्तर परिशिष्टात जोडलेले आहे. ते मूळ भाषणाशी ताडून वाचावे लागते. एका स्पर्शात टिपेकडे जाता यावे आणि जिथून गेलो तिथेच परत येता यावे. पुष्कळ यंत्रे नेतात खरी, परत आणताना वाट चुकतात.

यानंतर मालकीचा प्रश्न येतो, आणि येथे जरा थांबले पाहिजे. छापील पुस्तक विकत घेतले की दुकानदाराचा त्याच्याशी संबंध संपतो. ई-पुस्तकाच्या बाबतीत तो संपत नाही. सोनीच्या २००४ च्या त्या पहिल्या यंत्रात घेतलेले पुस्तक ६० दिवसांनी उघडेनासे होई. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. त्यांतले एक '१९८४' होते. सत्तेला नको असलेला मजकूर भट्टीत टाकणाऱ्या राजवटीची ही कादंबरी. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण अमेरिकेतील एका शाळकरी विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर टिपणे काढली होती. ती कोणत्या ओळींवरची हे आता कळेना, म्हणून त्याने दावा लावला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली सर्व पुस्तके वाचकांकडून नाहीशी झाली. पैसे तेवढे परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय काढून टाकली. म्हणजे जे आपण विकत घेतो ते पुस्तक नसून वाचण्याची परवानगी असते, आणि परवानगी देणारा ती केव्हाही आवरती घेऊ शकतो. 'परवानगी' या शब्दाचा आपल्या समाजाला जुना अनुभव आहे. तळ्याला आणि शाळेला ती लागत होती.

म्हणून यंत्राला ईपब हे खुले रूप उघडता आले पाहिजे. २००७ मध्ये मानक म्हणून ठरलेले हे रूप कोणा एका दुकानाचे नाही; आतून ते वेबपानांची एक गाठोडी असते आणि कोणीही ते बांधू शकतो, सोडू शकतो. किंडल ईपब थेट उघडत नाही; २०२२ पासून ते कंपनीकडे पाठवले की रूपांतर होऊन येते. कोबो आणि इतर अनेक यंत्रे थेट उघडतात. आपल्याकडची फाइल तारेने किंवा मेमरी कार्डाने, इंटरनेटशिवाय आणि खाते न उघडता यंत्रात घालता आली पाहिजे. हा नियम मी पडद्याच्या आकाराच्याही वर ठेवीन.

आणि उसने देण्याचे काय? अमेरिकेत किंडलवर २०१० च्या अखेरीस ही सोय आली ती अशी : एक पुस्तक, एकाच माणसाला, एकदाच, चौदा दिवसांसाठी, आणि तेही प्रकाशकाची हरकत नसेल तर. आपल्याकडे विचार पसरला तो हातोहात फिरलेल्या पुस्तकांनी. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पुस्तक आणले नव्हते. जे आले ते दुसऱ्याचे नाव असलेले आले. कुलूप नसलेली फाइल कोणालाही देता येते हे खरे, परंतु हयात लेखकाची आणि लहान प्रकाशकाची पोटापाण्याची पुस्तके अशी वाटू नयेत. ते दुसऱ्या टोकाचे शोषण होईल. ज्यांवर स्वामित्वहक्क उरलेला नाही त्यांची गोष्ट वेगळी. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. जोतीराव फुल्यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. अण्णाभाऊ साठे यांचे २०२९ च्या अखेरपर्यंत हक्काधीन राहील. मुक्त झालेल्या या लेखनाचे, मूळ पृष्ठक्रमांक सांभाळून केलेले, शुद्ध मराठी ईपब तयार करणे हे महाविद्यालयांच्या मराठी विभागांना सहज जमण्यासारखे काम आहे.

वाचून दाखवण्याच्या सोयीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. २००९ मध्ये किंडलमध्ये मजकूर मोठ्याने वाचणारा आवाज आला, तेव्हा अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने हक्काचा प्रश्न काढला आणि प्रकाशकाला तो आवाज बंद करण्याची मुभा मिळाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये अंधांनी न्यूयॉर्कमध्ये त्या संघटनेच्या दारात निदर्शने केली. भारताने २०१२ मध्ये कायदा दुरुस्त करून दृष्टिहीन व इतर अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे रूप बदलण्याची मुभा दिली आणि २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली. ही सोय केवळ अंधांची मानू नये. ज्यांना अक्षरओळख नाही अशी आपली आई, मावशी घरात आहे. मराठी आवाज मोबाईलमध्ये मिळतो. ई-इंकच्या यंत्रात तो आहे का हे स्वतः ऐकल्याशिवाय मान्य करू नये.

टिपणांबद्दल थोडक्यात सांगतो : ती साध्या मजकुराच्या रूपात यंत्राबाहेर काढता आली पाहिजेत. शब्दकोशाबद्दल मात्र थोडे जास्त. यंत्रातले कोश इंग्रजीसाठी बनलेले. शब्दावर बोट ठेवले की अर्थ येतो. मराठीत 'घरातल्यांनाही' या शब्दावर बोट ठेवले तर कोशाला 'घर' सापडले पाहिजे, आणि बहुधा ते सापडत नाही. शिवाय दलित आत्मकथनांतील वऱ्हाडी, मराठवाडी, वस्तीवरचे शब्द प्रमाण कोशांत नाहीतच. तेव्हा बाहेरचा कोश घालता येईल असे यंत्र हवे. मग एखादा विद्यार्थी आपल्या आजीचे दोनशे शब्द अर्थासह त्यात घालू शकेल.

उरलेल्या सोयी मी सहज सोडून देईन. पाण्यात बुडवून चालणारे यंत्र मला नको. रंगीत पडदा नको. त्यामुळे पानाचा पांढरेपणा कमी होतो. गाणी नकोत, मित्रांना आपले वाचन कळवणे तर मुळीच नको. कोणी काय वाचतो आणि कुठे खूण करतो हे ज्याचे त्याच्यापाशी राहावे. इंटरनेट बंद ठेवून यंत्र पूर्ण चालते की नाही हे पाहावे.

किमतीचा प्रश्न राहतोच. चांगले यंत्र आज दहा-पंधरा हजारांच्या खाली क्वचितच मिळते, आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला ते एकट्याने परवडणारे नाही. म्हणून ते ग्रंथालयाने घ्यावे, पुस्तकाप्रमाणे दाखल नोंद करून पंधरा दिवसांच्या बोलीने द्यावे. मग कोटेशन मागवण्याची पाळी ग्रंथपालावर येईल. त्याने एक पानाची फाइल तयार करावी. तीत 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला', 'शिक्षण', 'कार्यकर्त्यांनी' आणि दोन्ही प्रकारे टंकित केलेला 'ॲट्रॉसिटी' हे शब्द असावेत. ती प्रत्येक विक्रेत्याला पाठवावी आणि त्याच्या यंत्रावर उघडलेल्या पानाचे छायाचित्र कोटेशनसोबत मागवावे. छायाचित्र न जोडणाऱ्याचे कोटेशन विचारात घेऊ नये.